ताईच्या वहीतले आकडे

३ मार्च, मंगळवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या कोणी म्हणायला नको, की याने मनाचं रचलं. बावीस वर्षं मी गोदाम सांभाळलं. माल कोण हलवतंय ते मला पावलांच्या आवाजावरून कळायचं. आणि सध्या आमच्या दुकानात कुठेतरी पाणी मुरतंय.

दुकान म्हणजे आमचं थाय हॉटेल. सात टेबलं आणि पार्सलची एक खिडकी. स्वयंपाक ताईचा, काउंटर आणि फोन माझा, स्कूटरवरून पार्सलं पोचवणं बायकोचं. अकरा वर्षं हे असंच चाललं आहे. हॉटेल मुळात एका म्हाताऱ्या थाय बाईंचं. मायदेशी परत जाण्याआधी त्यांनी ताईला दोन वर्षं हाताखाली घेऊन सगळं शिकवलं. माप विचारलं की बाई जीभ बाहेर काढून दाखवायच्या. ताईनेही तेच उचललं. हिरव्या करीचं वाटण असो की लाल करीचं, सगळं हाताने घ्यायचं आणि जिभेने ठरवायचं.

आणि आज ताईने वजनकाटा आणला. सोनाराकडे असतो तसला, एकेक ग्रॅम दाखवणारा. मी विचारलं, "हा कशाला?" ती म्हणाली, "असू दे." असू दे हे काय उत्तर झालं?

दुसरी गोष्ट. आमच्या प्रत्येक टेबलावर चार बरण्या असतात: साखर, तिखट, फिश सॉस आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर. ज्याला जे कमी वाटेल ते त्याने वरून घ्यावं, अशी थाय पद्धत. साखरेच्या बरण्या मी आठवड्यातून एकदा भरायचो. ताई तापातून उठून कामावर आली त्याला आता दोन आठवडे झाले, आणि या दोन आठवड्यांत मी दर दोन दिवसांनी भरतोय. फिश सॉसचंही तेच. माल जातोय कुठे? बायको म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक खातात, दुसरं काय." एवढी गिऱ्हाईकं एकदम गोडखाऊ झाली का?

६ मार्च, शुक्रवार

काट्याच्या जोडीला वही आली आहे. निळ्या पुठ्ठ्याची.

आज जेवणाची गर्दी संपल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. ताईने मिठाचा डबा काट्यावर ठेवला. डोळे मिटले. मुठीत मीठ घेतलं, खलात टाकलं. मग डोळे उघडून काटा बघितला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग पुन्हा डबा, पुन्हा डोळे मिटणं. पाच-सहा वेळा. मला आधी वाटलं ताईने कुठला मंत्रबिंत्र घेतलाय.

पण नाही. ती स्वतःच्या हाताचं माप काढतेय. अकरा वर्षं जे डोक्यात होतं ते कागदावर उतरवतेय. जे आपलं आपल्यालाच पाठ आहे ते माणूस लिहून कधी काढतो? दुसऱ्याच्या हाती द्यायचं असतं तेव्हा.

१७ मार्च, मंगळवार

तीन ते पाच दुकान बंद असतं. त्या वेळात ताई मागच्या खोलीत आडवी व्हायची, मी काउंटरवर बसून लिहायचो किंवा पेंगायचो. आता सलग तिसरा मंगळवार, ती बरोबर तीन वाजता पर्स उचलून बाहेर पडते. "कुठे?" "काम आहे जरा." पावणेपाचला परत. चेहरा असा की ताकास तूर लागू द्यायची नाही.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या शाळेच्या चड्डीला बटणं तिनेच लावली. आमच्यात "काम आहे जरा" हे वाक्य कधी नव्हतं. वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो.

८ एप्रिल, बुधवार

बरण्या पुन्हा आठवड्याने भरायला लागल्या. साखर जिथल्या तिथे. मी टेबलांकडे रोखून बघायला लागलो त्याचा हा परिणाम. चोराला कळलं की पहारेकरी जागा आहे.

शेजारचे शिंपीकाका रोज परतलेल्या नूडल्सचं एकच पॅड थाय खातात. ते आज म्हणाले, "मध्यंतरी तुमच्या ताईंचा हात बिघडला होता हो. आता आला पहिल्यासारखा." शिंपीकाकांना टाचणीच्या टोकाएवढंही कळत नाही. हात कसा बिघडेल?

अजून एक. ताई हल्ली उठसूट सगळ्यांना चमचा पुढे करते. बायकोला, शिंपीकाकांना, भाजीवाल्याला. "खारट झालंय का? आंबट कमी आहे का?" पूर्वी कोणी खारट म्हटलं असतं तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. आता स्वतःहून विचारते. कोणता पदार्थ जास्त खपेल त्याची चाचपणी चालू आहे. नवीन दुकान काढणारा माणूस हेच करेल.

नवीन दुकान. लिहिलं खरं आणि पेन खाली ठेवलं.

२१ एप्रिल, मंगळवार

आज लसूण जळला. वास पार रस्त्यावर गेला. टेबल चारवरच्या बाई रुमाल लावून बसल्या. मी आत धावलो तर ताई कढईपासून दोन हातांवर उभी राहून गवती चहाच्या काड्या कापतेय, ढिम्म. मी ओरडल्यावर दचकली. "अगं, लक्ष कुठे आहे तुझं?" "झालं चुकून." लक्ष कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, चपलांच्या दुकानाची रिकामी जागा कोणीतरी घेतली आहे. काचांना आतून वर्तमानपत्रं लावली आहेत आणि सुतार ठोकाठोकी करतायत.

२८ एप्रिल, मंगळवार

आज थोडक्यात वाचलो. सकाळी बायको मागच्या दाराने आली आणि किंचाळली. शेगडीचं एक बटण उघडं राहिलं होतं, जाळ नव्हता, खोलीभर गॅस. आणि ताई त्याच खोलीत पाटावर बसून चिंच भिजवत होती. बायकोने खिडक्या उघडल्या, तिला हात धरून बाहेर आणलं.

मी काउंटरवरून आलो तोवर सगळं निवळलं होतं. मग दोघी मागच्या खोलीत अर्धा तास दार लावून बसल्या. बायको बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, "काय बोललात?" म्हणाली, "काही नाही. गॅसने डोळे चुरचुरतायत."

म्हणजे आता हीसुद्धा फितली.

६ मे, बुधवार

गेल्या आठवड्यापासून नवीन प्रकार. सकाळी दुकान उघडायच्या आधी बायको स्वयंपाकघरात जाते, प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखते, मान डोलावते किंवा बोटाने "थोडं" दाखवते. ताई वहीत बघते. मग दोघी हळू बोलतात. मी गेलो की गप्प. शेवटी मी बायकोला म्हटलं, "घरात राहून माझ्याच पाठीमागे काय शिजतंय?" ती म्हणाली, "अहो, तुमची बहीण आहे. तुम्ही सरळ विचारा ना त्यांना. मी शपथेत अडकलेय."

शपथ! म्हणजे प्रकरण शपथेपर्यंत गेलंय. सरळ विचारायला मी काय खुळा आहे? गोदामात कोणी सरळ विचारल्यावर कबूल झालेला मला आठवत नाही.

१२ मे, मंगळवार

आज ताईच्या मागे गेलो. शंभर पावलं अंतर ठेवून. तिने एकदाही वळून बघितलं नाही. तिची चाल मंद झाली आहे. मध्ये एका कठड्याला धरून थांबली. मागे कोणी आहे का ते असंच बघतात.

ती कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीत शिरली. पाटी वाचली. पहिला मजला: वकील. दुसरा: नाक-कान-घशाचे डॉक्टर. तिसरा: दुकानांच्या जागा मिळवून देणारा दलाल. चौथा: नाचाचे वर्ग. तिसऱ्या मजल्याची ओळ वाचली आणि लिफ्टकडे बघितलं.

लिफ्टवरचा आकडा दोनवर थांबला. हुशार आहे ताई. दोनवर उतरली आणि एक मजला जिन्याने चढली, म्हणजे खालून बघणाऱ्याला पत्ता लागायला नको. शेवटी बहीण कोणाची! मी समोरच्या झाडाखाली पन्नास मिनिटं उभा राहिलो. बाहेर आली तेव्हा हातात एक लिफाफा होता. कागदपत्रं.

घरी येऊन बायकोला फक्त एवढंच म्हटलं, "मला सगळं कळलंय." तिचा चेहरा असा खुलला, की मी चक्रावलो. "कळलं? बरं झालं बाई. मग त्यांच्याशी नीट बोला, ओरडू नका." मी म्हटलं, "ओरडू नको तर काय हार घालू?" तिचा चेहरा पुन्हा पडला. म्हणाली, "तुम्हाला काहीही कळलेलं नाही," आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघून गेली.

२३ मे, शनिवार

समोरच्या दुकानावर पाटी चढली. रंगाऱ्याने 'थाय' एवढं लिहिलं आणि त्यावर चादर टाकून गेला. एवढं पुरे आहे.

दुपारी तिथला मालक आमच्याकडे आला. सोनेरी काड्यांचा चष्मा, गुळगुळीत बोलणं. जेवला आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी फोनचा रिसीव्हर कानाला लावून ऐकत होतो, फोन कोणाचाच नव्हता.

चष्मेवाला: "तुमच्याच हातचं पाहिजे. दुसरं कोणी चालणारच नाही मला."

ताई: "भावाला एवढ्यात काही सांगू नका. मला जमतंय का ते आधी मी बघते. जमलं तर मीच सांगेन त्याला."

चष्मेवाला: "सहा जूनला उद्घाटन आहे. तोवर सांगा म्हणजे झालं."

मी रिसीव्हर ठेवला. शिंपीकाकांचं पार्सल बांधायला घेतलं. पॅड थाय काउंटरवर सांडलं.

अकरा वर्षं. या जागेला रंग आम्ही दोघांनी दिला. ती शिडीवर आणि मी शिडी धरून. ती गेली तर हे दुकान पंधरा दिवस टिकणार नाही, हे मला माहीत आहे. लोक सात टेबलांसाठी येत नाहीत, आणि माझ्या तोंडासाठी तर नाहीच नाही. पण मला दुकानाचं वाईट वाटतंय असं नाही. तिने मला सांगितलं नाही, याचं वाटतंय.

५ जून, शुक्रवार

आज मी एक काम केलं. सविस्तर लिहितो, कारण ते डोकं लावून केलेलं आहे.

तीन वाजता ताई मागे आडवी झाली. वही भाताच्या कुकरखालच्या खणात असते. उघडली. सगळं आहे. हिरवं वाटण, लाल वाटण, टॉम यम सूप, चिंचेचा सॉस. एक किलो हिरव्या वाटणाला मीठ २५, आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट ४०. खाली शेरे: 'हिने चाखलं, बरोबर.' 'हिने चाखलं, फिश सॉस किंचित कमी, ३० केला.' माझी बायको, माझ्या दुकानात, दुसऱ्याच्या दुकानासाठी चाखतेय!

फाडून टाकावी असं पहिल्यांदा वाटलं. पण फाडली तर तिला कळेल आणि ती पुन्हा लिहील. म्हणून ताईचीच पेन्सिल घेतली आणि मिठाच्या, कोळंबीच्या, फिश सॉसच्या आकड्यांआधी एकेक १ उभा केला. पंचविसाचे एकशे पंचवीस, चाळिसाचे एकशे चाळीस. ताईच्या एकाला खाली बारीक शेपटी असते. तीसुद्धा काढली. तिला स्वतःलाच ओळखू येणार नाही.

जा म्हणावं घेऊन ही वही समोर. तिथे ती एकटी थोडीच रांधणार; चष्मेवाल्याचा आचारी यातलं वाचून पहिल्या दिवशी जे काही रांधेल, ते खाऊन गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. आमच्या दुकानाला धोका नाही. ताई इथे जे करते ते हाताने आणि जिभेने करते, तिला वहीची गरज नाही.

६ जून, शनिवार

आज काही लिहवत नाही.

७ जून, रविवार

दुकान आजही बंद ठेवलं आहे. रिकाम्या टेबलावर बसून कालचं लिहितोय.

वाटणं बुधवारी आणि शनिवारी पहाटे होतात. काल मी दहाला पोचलो तेव्हा ताईचं सगळं आटपलेलं होतं. शेगडीवर आम्ही कधी वापरत नाही तेवढं मोठं पातेलं. म्हणाली, "अरे, आज समोर साठ माणसांचं जेवण आहे. मोठं काम आहे. जमेल की नाही वाटत होतं म्हणून तुला बोलले नाही." मी मनात म्हटलं, चला, शेवटी तोंडाने कबूल झाली. बायको समोर टेबलं मांडायला गेली होती, त्यामुळे स्वयंपाकघरात आम्ही दोघंच.

ताईने चमच्यात करी घेऊन माझ्यापुढे धरली. "जरा बघ रे. ही नाहीये ना."

मी म्हटलं, "तुझी जीभ असताना माझी कशाला?"

तिने चमचा तसाच थोडा वेळ धरून ठेवला, मग धुवायला टाकला.

बारा वाजता समोर पाटीवरची चादर काढली. मी दारात उभा राहून बघत होतो. 'थाय मसाज. पाय, पाठ, मान.' मी दोनदा वाचली. आत पलंग दिसत होते, गुंडाळलेले पांढरे टॉवेल, कुठेही शेगडी नव्हती. चष्मेवाला रस्ता ओलांडून आला आणि मला मिठी मारली. "चला, पहिलं ताट तुमचं. तुमच्या ताईंना जमणार नाही म्हणे! दोन आठवडे मागे लागलो तेव्हा हो म्हणाल्या."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, त्या क्षणी मी हसत होतो. वही आठवली, पण म्हटलं, संध्याकाळी सवडीने ते सगळे १ खोडून टाकू. कोणाला कळणार आहे?

मग पहिला घास घेतला.

समुद्राचं पाणी त्यापुढे गोड. कोळंबीचा उग्र दर्प नाकात चढला. मान वर करून बघितलं तर साठ माणसं, आणि साठ माणसांनी ताटं खाली ठेवलेली. कोणी पाणी पितंय, कोणी तोंड पुसतंय. एक लहान मुलगी रडत होती. आणि ताई पातेल्यापाशी डाव घेऊन उभी, सगळ्यांना आग्रह करतेय. एक म्हातारे गृहस्थ बिचारे हळूच म्हणाले, "बाई, मीठ जरा जास्त झालंय." ताईने डावातली करी चमच्यात घेतली, चाखली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही हो. बरोबर आहे."

तेव्हा मला कळलं.

बायको धावत गेली, तिने स्वतः चाखलं आणि ताईच्या कानात काहीतरी सांगितलं. ताईच्या हातातून डाव घेतला. ताईने साठ माणसांना हात जोडले आणि रस्ता ओलांडून परत आली. ती रडली नाही. सरळ खणातून वही काढली, पान उघडलं आणि आकडे बघत बसली. बराच वेळ.

मग ती आमच्या दोघांशी बोलली. तापातून उठल्यापासून तिला ना वास येतो, ना चव. पहिल्या दोन आठवड्यांत अंदाजाने केलं तर गिऱ्हाईक वरून साखर घालायला लागलं. मग तिने काटा आणला. "हाताला अजून आठवत होतं. हातही विसरायच्या आत लिहून काढलं." दर मंगळवारी डॉक्टरकडे जाते. ते म्हणतात, परत येईल, किंवा नाही येणार. बायकोला गॅसच्या दिवशी कळलं आणि ताईने तिला शपथ घातली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू गोदामातला. बिघडलेला माल तू कसा बाजूला काढतोस ते बावीस वर्षं ऐकलंय तुझ्या तोंडून." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आणि आता बघ. एकशे पंचवीस लिहिलंय मी. माझंच अक्षर आहे. काट्यावर ढीग बघून वाटलं होतं, एवढं मीठ? पण म्हटलं, माझ्या वाटण्यावर आता काय भरवसा, लिहिलेलं खरं. आणि लिहिलेलंच चुकीचं. जीभ गेली ती गेली, डोकंही गेलं रे."

मी वही मिटून खणात ठेवली.

८ जून, सोमवार

आजही सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं.

ताई काउंटरच्या मागे बसून स्वतःची परीक्षा घेतेय. एकोणतीसचा पाढा म्हणते. दोनशे एकसष्टला अडली की पहिल्यापासून. बायकोला म्हणते, मला फोन नंबर विचार. आमच्या जुन्या घराचा, शाळेच्या बाईंचा, सगळे बरोबर सांगते, आणि तरी तिचा विश्वास बसत नाही. "हे जुनं आहे म्हणून आठवतंय. नवीन गेलं." मी भांड्यांच्या कपाटाआड उभा राहून हे ऐकलं. माझ्यासारखा नीच माणूस मी गोदामातही बघितला नाही.

९ जून, मंगळवार

सकाळी ताईने सगळ्या सुऱ्यांना धार लावून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मग माझ्यापुढे कागद सरकवला. "जाहिरात लिहिलीय. नवीन स्वयंपाकी पाहिजे. नीट लिहिलंय का बघ, माझा भरवसा नाही आता."

अक्षर सुरेख होतं. एकही चूक नव्हती. मी कागद पालथा ठेवला.

"ताई, वहीत तू चुकीचं नव्हतं लिहिलंस. आकड्यांआधीचा एक मी घातला."

तिला समजलंच नाही. "कोणता एक?"

"सगळेच. शुक्रवारी. तू आडवी झाली होतीस तेव्हा."

"म्हणजे मीठ पंचवीस होतं?"

"पंचवीसच."

"कोळंबी चाळीस?"

"चाळीस."

"मी बरोबर लिहिलं होतं?"

"हो."

ती खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. मी शिव्यांची वाट बघत होतो. पण ती रडता रडता म्हणत होती, "माझं डोकं ठीक आहे. ऐकलंस का गं, माझं डोकं ठीक आहे." बायको आतून आली, तिने ताईला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

बऱ्याच वेळाने ताईने विचारलं, "पण का रे?"

"मला वाटलं तू आम्हाला सोडून चाललीस. समोर."

तिने खिडकीतून समोरची पाटी वाचली. "लोकांचे पाय चेपायला?" आणि ती हसली, बायकोही हसली, आणि मूर्खासारखा मीही हसलो. मग तिचं हसणं थांबलं.

"कधीपासून वाटत होतं तुला?"

"काटा आणलास त्या दिवसापासून. त्या इमारतीपर्यंत मागेही आलो होतो एकदा."

"तीन महिने तू माझ्यावर नजर ठेवून होतास?"

"हो."

"मग तुला दिसलं कसं नाही?"

ती उठली, एप्रन बांधला आणि आत गेली. जाहिरातीचा कागद कचऱ्यात टाकला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

११ जून, गुरुवार

काल वाटण झालं. ताई काट्यावर मोजते, बायको चाखते, मग मी चाखतो. मला अजून नीट सांगता येत नाही. 'बरं आहे' म्हटलं की ताई म्हणते, "बरं म्हणजे काय? जिभेच्या शेंड्याला काय लागलं, मागे काय लागलं, ते सांग." आज सांगितलं, शेंड्याला गोड लागलं, मागे काही नाही. तिने कोळंबी दोन ग्रॅमने वाढवली. माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण बोलते.

साठ माणसांसाठी परवा पुन्हा स्वयंपाक करणार आहोत, चष्मेवाल्याकडे. मी जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो चष्मा काढून पुसत राहिला आणि म्हणाला, तुमच्या मानेवरचा ताण जरा जास्तच आहे.

दुपारी बायकोने ताईच्या डॉक्टरांचा कागद दाखवला. फेब्रुवारीपासून ताईचं वजन नऊ किलोने उतरलंय. चव नसली की अन्न ओल्या कापडासारखं लागतं म्हणे, चावलं जातं पण गिळवत नाही. डॉक्टर दर मंगळवारी तिला रागावतात. तिची चाल मंद झालेली मी बघितली होती, कठड्याला धरून थांबलेलीही बघितली होती.

मग माझी ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. ताई कधी बाहेर गेली, कधी आली, कोणाशी काय बोलली, लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली, सगळं वेळेनिशी आहे. ती जेवली का, हे एकाही पानावर नाही.

आज दीड वाजता ताई जेवली. एक वाटी भात, त्यावर दोन चमचे करी. मी समोर बसलो होतो. वीस मिनिटं लागली. अर्धा भात राहिला.